गोष्टीचा तास: शिक्षक आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, पालकसभेत, कधी एसटीच्या थांब्यावरसुद्धा बालसाहित्याबद्दल तेच ते प्रश्न मला विचारले जातात. ते इथे उत्तरांसह लिहून ठेवते आहे. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: मुलाला गोष्टीत मजा आली तरच तिचा शिकण्याला उपयोग होतो. मजा काढून घेतली की उरतो तो आणखी एक धडा, आणि धडे मुलांकडे भरपूर असतात.

गोष्टी वाचत बसलो तर पोर्शन मागे पडणार नाही का?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो आणि विचारणाऱ्याची काळजी खरी असते. वर्षाचे दिवस मोजके, त्यात सर्वेक्षणं, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. तरीही माझं उत्तर ठाम आहे: पडत नाही.

वर्षभर एकच पाठ्यपुस्तक वाचणारं मूल त्या पुस्तकापुरतं वाचायला शिकतं. काही धडे तर त्याला ऐकून ऐकून पाठ होतात. बोट ओळीवर फिरत असतं आणि डोळे खिडकीबाहेर. अनोळखी उतारा समोर आला की ते अडखळतं, आणि आपण म्हणतो, ‘आकलन कच्चं आहे.’ आकलन पक्कं व्हायला वेगवेगळा मजकूर डोळ्यांखालून जावा लागतो आणि तो भरपूर लागतो. इतका मजकूर कंटाळा न येता वाचून घ्यायचा तर गोष्टीसारखं दुसरं साधन नाही, कारण पुढे काय झालं हे कळण्यासाठी मूल आपणहून पुढची ओळ वाचतं. ‘पुढची ओळ वाच’ असं सांगावं लागत नाही, ही शिक्षकासाठी केवढी मोठी सोय आहे!

गुजरातमधल्या भावनगरचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल, त्यांना त्यातला चौथीचा वर्ग आठवेल. शिक्षक अधिकाऱ्यांची परवानगी काढून एका वर्षाचा प्रयोग करायला येतो आणि सुरुवात गोष्टींनी करतो. आजूबाजूचे नाकं मुरडतात. पण गोष्टीच्या ओढीनंच मुलं हळूहळू शांत बसायला, पुस्तक हातात घ्यायला, वाचायला लागतात. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबत होत्या. गाणी, गोष्टी, खेळ यांतून शिकवायचं काम आपल्या मातीत इतकं जुनं आहे. कुणी ‘हे परदेशी फॅड’ म्हणालं तर एवढं जरूर सांगा.

रोज किती वेळ द्यायचा?

पंधरा मिनिटं. परिपाठानंतर किंवा शाळा सुटायच्या आधी. आठवड्यातून एकदा तासभर देण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कधीही चांगली. वेळ ठरलेली असावी आणि शिक्षा म्हणून ती कधीही रद्द करू नये. ‘दंगा केलात, आज गोष्ट नाही’ हे वाक्य मी वर्गात बोलत नाही.

गोष्ट सांगावी की वाचून दाखवावी?

दोन्ही करावं, पण दोन्हींचं काम वेगळं आहे हे लक्षात ठेवून.

सांगताना आपले हात मोकळे असतात, डोळे मुलांकडे असतात. गोष्ट मुलांच्या तोंडाकडे बघून लांबवता येते, आटोपता येते, त्यात गावाचं नाव घालता येतं. वाचून दाखवताना मुलाच्या कानावर पुस्तकाची भाषा पडते. ‘इतक्यात’, ‘एकाएकी’, ‘जणू’, ‘पाहता पाहता’, ‘त्याच्या मनात आलं’ हे शब्द आपण जेवताखाता बोलत नाही, ते पुस्तकात राहतात. ज्यानं ते कानांनी शंभरदा ऐकले, त्याला पुढे ते छापलेले दिसले की ओळखीचे वाटतात. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही, त्या मुलानं ही भाषा शाळेत नाही ऐकली तर कुठे ऐकायची?

वाचून दाखवण्याची थोडी तयारी लागते. आदल्या दिवशी पुस्तक स्वतःशी मोठ्यानं वाचून बघा. कुठे जीभ अडते, कुठे हसू येतं ते कळतं. मुलांना अर्धगोल करून जवळ बसवा, कारण शेवटच्या बाकावरून चित्र दिसत नाही. पुस्तकाचं तोंड मुलांकडे ठेवा आणि आपण बाजूनं वाचा. चित्र दाखवायची घाई करू नका. मुलं चित्रात जे शोधतात ते आपल्या नजरेतून कित्येकदा सुटलेलं असतं. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रं काढणाऱ्या लेखिकेच्या पुस्तकांत तर मजकुरात नसलेलं बरंच काही चित्रात घडत असतं. ते वाचायला मुलांना वेळ द्यावा लागतो.

पान उलटायच्या आधी एक क्षण थांबा. ‘आता काय होईल?’ असं विचारायचीही गरज नसते. मुलं आपणहून बोलतात. आणि प्रत्येक कठीण शब्दाला थांबून अर्थ सांगू नका. गोष्टीच्या ओघात बरेचसे शब्द आपोआप उमगतात, आणि जो अडेल तो मुलं विचारतातच.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायचं की नाही?

विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही सवय आपल्याला कुठून लागली, तेही बघण्यासारखं आहे. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकं आली ती शाळांसाठी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तकं 1828 सालची. म्हणजे अगदी आरंभापासून मुलांची गोष्ट आणि बोध यांची जोडी जमलेली आहे. पुढे वा. गो. आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केलं. मुलांच्या मासिकाला ‘आनंद’ हे नाव द्यावंसं त्या काळी कुणाला वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. पण वर्गात मात्र अजूनही बोधाचंच राज्य आहे.

तात्पर्य विचारलं की काय होतं? मुलांना ठाऊक असतं की बाईंना एकच उत्तर हवंय. मग ‘खोटं बोलू नये’, ‘आळस करू नये’, ‘मोठ्यांचं ऐकावं’ यातलं एक वाक्य पुढे येतं, आपण ‘शाब्बास’ म्हणतो आणि विषय संपतो. गोष्ट कशी वाटली, कुठे राग आला, कोण आवडलं, हे सगळं मुलाच्या पोटातच राहून जातं.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, आणि दारावर भिजत उभा असलेला कावळा. दुसरीच्या वर्गात ही गोष्ट झाल्यावर मी गप्प बसले. एक मुलगी म्हणाली, ‘चिमणीनं दार का नाही उघडलं? तो किती भिजला.’ मागून एकानं उत्तर दिलं, ‘कावळा अंडी खातो, म्हणून.’ तिसरा म्हणाला, ‘आमच्या आजीच्या गोष्टीत तो चुलीपाशी बसतो आणि भाजतो.’ मग पोरांनी आपापल्या घरची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कुणाची चिमणी बाळाला न्हाऊ घालत होती, कुणाची काजळ लावत होती. दारात आलेल्याला आत घ्यावं की नाही, यावर सहा-सात वर्षांच्या मुलांनी बराच वेळ वाद घातला. ‘संकटात मदत करावी’ हे तात्पर्य मी आधीच सांगून टाकलं असतं, तर यातलं काही झालं नसतं.

मग गोष्टीनंतर काय करायचं?

कधी काहीच नाही. पुस्तक मिटायचं आणि खेळायला सोडायचं.

बोलायचंच असेल तर ज्याचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असं काहीतरी विचारा. ‘कुठल्या पानावर परत जाऊया?’ हा माझा आवडता प्रश्न. ‘कोण चुकलं असं वाटतं?’, ‘तुझ्या घरी असं झालं असतं तर?’ हेही चालतात. नाट्यीकरण करायचं तर संवाद पाठ करून घेऊ नका. प्रसंग द्या आणि मुलांना आपल्या शब्दांत बोलू द्या. चित्र काढू द्या, शेवट बदलू द्या. प्रत्येक गोष्टीच्या शेपटीला ‘कृतिपत्रिका’ बांधली की मात्र मुलं गोष्टीलाच घाबरायला लागतात, हे मी शपथेवर सांगते.

पहिलीच्या मुलांना अक्षरओळखच नाही. त्यांच्या हातात पुस्तक देऊन काय उपयोग?

फार उपयोग आहे. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्राखालचे ठिपके म्हणजे बोललेले शब्द आहेत, हे सगळं अक्षरांच्या आधी शिकायचं असतं. शिकलेल्या घरातल्या मुलाला ते आईच्या मांडीवर बसून कळलेलं असतं. बाकीच्यांना शाळेनं द्यायचं असतं.

या वयासाठी पुन्हा पुन्हा तेच वाक्य येणाऱ्या गोष्टी निवडा. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघा-कोल्ह्यांना जे उत्तर देते, ते दुसऱ्या वेळेपासून सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. तेच वाक्य मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा आणि बोट ठेवत म्हणा. मुलं ‘वाचतात’. हे खरं वाचन नाही असं कुणी म्हणेल, पण खऱ्या वाचनाचा उंबरठा इथेच आहे. ‘टुणुक’ या शब्दातला ‘ट’ मग वेगळा शिकवावा लागत नाही.

मूल एकच पुस्तक वीसदा मागत असेल तर वीसदा द्या.

मुलांची घरची भाषा वेगळी आहे. प्रमाण मराठीतल्या गोष्टी त्यांना समजत नाहीत.

हा प्रश्न पालघरमधल्या वारली, नंदुरबारमधल्या पावरी-भिली, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांकडून येतो. तांड्यावरच्या आणि ऊसतोडीबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या शिक्षकांकडूनही येतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी मुलुखातही अडचण थोड्या प्रमाणात तीच आहे. मला हा सगळ्या प्रश्नांत कळीचा वाटतो.

आधी मुलांच्या भाषेतली गोष्ट वर्गात आणा. आपल्याला ती भाषा येत नसेल तर ज्याला येते त्याला बोलवा: एखादी आजी, अंगणवाडीताई, पाचवीतली मोठी मुलगी. मूल आपली भाषा शाळेच्या चार भिंतींत मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. शाळेत गप्प असणारी मुलं त्या दिवशी बोलतात. नंतर तीच गोष्ट मराठीत सांगा. आता कथानक ओळखीचं आहे, त्यामुळे शब्द परके राहत नाहीत. पुढे मुलांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, शेजारी मराठी लिहा, चित्रं मुलांकडून काढून घ्या, पाठकोरे कागद शिवून पुस्तक करा. वर्गातल्या सगळ्या पुस्तकांत अशी हातानं केलेली पुस्तकं सर्वांत जास्त हाताळली जातात.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हातानं लिहून काढत. हातानं लिहिलेल्या मजकुराला मुलं कशी चिकटतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कविता पाठ करून घ्यावी का?

पाठ होऊ द्यावी. ‘करून घेणं’ सोडावं. चालीवर, टाळ्यांवर, उड्या मारत म्हटलेली कविता आपोआप पाठ होते आणि म्हातारपणापर्यंत टिकते.

विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळालेल्या कवीनं ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ मुलांसाठी लिहिलं. त्यात उपदेश शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तिथे शब्दांशी मनसोक्त दंगा आहे, उलटंसुलटं जग आहे, भुतं आहेत. अशा कवितेचा ‘सरळ अर्थ’ लिहायला लावणं हा कवितेवर आणि मुलांवर अन्याय आहे. त्यापेक्षा यमकाचा खेळ खेळा: एक ओळ तुम्ही म्हणा, दुसरी मुलांनी जुळवावी. जुळवताना मूल आवाज किती बारकाईनं ऐकतं ते बघा. शुद्धलेखनाच्या तासाला आपल्याला तेच तर हवं असतं.

भीती, मरण, दुःख असलेली पुस्तकं लहान मुलांना द्यावीत का?

द्यावीत, आणि आपण सोबत बसावं. मुलांच्या घरी आजारपण असतं, भांडणं असतात, माणसं जातात. पुस्तकातलं जग सगळं गुळगुळीत असलं तर मुलाला वाटतं, हे आपल्याच वाट्याला आलंय. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात दारिद्र्य आहे, अपमान आहे, आईचं मरण आहे. आणि त्याची रचना बघा: श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो. रोज थोडं थोडं वाचून दाखवायला हे पुस्तक जणू मुद्दाम बेतलेलं आहे. मूल रडलं तर रडू द्यावं, लगेच समजूत घालू नये.

राक्षसाच्या गोष्टींना मुलं घाबरतात ते खरं. पण वर्गात सगळे मिळून घाबरण्यात त्यांना गंमतही वाटते. फारच लहान किंवा हळवं मूल असेल तर त्याला आपल्या शेजारी बसवा.

फास्टर फेणे, कॉमिक्स, चुटके: हे काही ‘चांगलं वाचन’ नव्हे ना?

का नव्हे? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, सायकल मारत ‘ट्टॉक्’ करत निघाला की मागोमाग मुलं जातात. काडीपैलवान पोरगा, डोकं तल्लख, धाडस अफाट. आणि भागवतांची मराठी किती चपळ आहे! संवाद कसे लिहावेत हे शिकवायचं असेल तर मी त्यातलं पान काढते. चौथी ते सातवीच्या मुलांचा वाचनाचा वेग वाढतो तो अशाच पुस्तकांवर. खूप वाचणारं मूल आज ना उद्या गंभीर पुस्तकाकडे वळतं. न वाचणाऱ्याला तिकडे वळवणार कसं?

पुस्तकं फाटतात, हरवतात. म्हणून कपाटातच ठेवतो.

या उत्तरात मी थोडी कठोर होणार आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंसुद्धा असावीत, असं म्हटलेलं आहे. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं कपाट नव्हे. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, पुस्तक दिसतंय पण मुलाच्या हातात कधी गेलंच नाही, तर ते शाळेत असून नसल्यासारखं.

भीती कळते, तपासणीला उत्तर आपल्याला द्यावं लागतं. त्यावर उपाय आहेत. वर्गाच्या भिंतीला मुलांच्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून त्यावर टांगा, म्हणजे मुखपृष्ठं दिसतात. देवघेवीची वही मुलांकडे सोपवा. आठवड्यातून एकदा चिकटपट्टी आणि खळ घेऊन मुलांनीच पुस्तकं दुरुस्त करायची. वापरून जीर्ण झालेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून काढून टाकता येतात. मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा. कुलूप काढल्यावर काही पुस्तकं जातीलच. जाऊ द्या.

पुस्तकांना पैसे नाहीत. मोफत किंवा स्वस्त काय मिळेल?

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे, आणि जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. मराठीतल्या नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यात मुलांसाठी काम केलेलं आहे. शिक्षकानं एक सुट्टी त्यात घालवावी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं पातळीनुसार मिळतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजूनही खिशाला परवडते. मोठ्या मुलांसाठी एकच संच घ्यायचा असेल तर ज्योत्स्ना प्रकाशनाचं ‘वाचू आनंदे’ घ्या. मराठीतले वेचक उतारे आणि सोबत भारतीय चित्रकला असं ते संपादन आहे.

मोबाइलवरून किंवा शाळेच्या टीव्हीवरून पुस्तक दाखवायला हरकत नाही. फक्त त्याचा आवाज बंद ठेवा आणि तुम्ही वाचा.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन कसा साजरा करावा?

डॉ. कलामांच्या जयंतीला महाराष्ट्रातल्या शाळा हा दिवस पाळतात. भाषणं, प्रतिमापूजन, फोटो यांत दिवस जातो. त्याऐवजी त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येकानं, मुख्याध्यापकांपासून पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींपर्यंत, अर्धा तास आपल्या आवडीचं काहीतरी वाचावं. वाचत बसलेला मोठा माणूस मुलांना सहसा दिसत नाही.

गोष्टीच्या तासाचं मूल्यमापन कसं करायचं? नोंदी तर मागतात.

पुस्तकावर परीक्षा नको, गुण नकोत, ‘कुणी जास्त पुस्तकं वाचली’ अशी स्पर्धा तर मुळीच नको. स्पर्धा लावली की मुलं बारीक पुस्तकं शोधून नुसती पानं उलटतात. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या मूल्यमापनाच्या, नोंदी मात्र याच तासातून सहज मिळतात. डोळे उघडे ठेवा आणि टिपणवहीत तारखेसह लिहा: ‘आज स्वतःहून पुस्तक घेतलं.’ ‘मित्राला चित्र दाखवून गोष्ट सांगितली.’ ‘गोष्टीतला “हताश” हा शब्द खेळताना वापरला.’ ‘मला हा शेवट पटला नाही, असं म्हणाला.’ अशी एक नोंद छापील तक्त्यातल्या दहा खुणांपेक्षा त्या मुलाबद्दल जास्त सांगते.

माझं मूल इंग्रजी माध्यमात आहे, मराठी वाचायला नको म्हणतं. काय करू?

वाचायला लावू नका, तुम्ही वाचून दाखवा. मूल दहा वर्षांचं झालं तरी. बेळगाव, बडोदा, इंदूर किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आईबाबांनाही मी हेच सांगते. मराठी आधी कानाला गोड लागू द्या. वय दहाचं असलं तरी वाचनाला सुरुवात पाच वर्षांच्या मुलाच्या पुस्तकानं करायला लाज नको. विनोदी किंवा यमक असलेलं काही निवडा. रोज रात्री एक पान तुम्ही, एक ओळ त्यानं. चुकलं तर तिथे थांबवू नका. आजी-आजोबा लांब असतील तर फोनवर त्यांना वाचायला सांगा.

वर्गात पाचच पुस्तकं आहेत आणि मला गोष्ट रंगवता येत नाही. सुरुवात कशी करू?

पाच पुस्तकं पुष्कळ झाली. गोष्ट रंगवता यायलाच हवी असंही नाही. साध्या, स्वच्छ आवाजात, घाई न करता वाचलेलं मुलांना आवडतं. त्या पाचांतलं जे पुस्तक तुम्हाला स्वतःला आवडलं ते उचला. जे आपल्यालाच कंटाळवाणं वाटतं ते मुलांसमोर वाचू नका, ते लगेच ओळखतात. सोमवारी पंधरा मिनिटं वाचा. मंगळवारी मुलांना विचारा, आज नवीन की कालचंच? बहुतेक वर्ग ‘कालचंच’ म्हणतो. तेच वाचा.